पाय कुठे ठेवायचा

शनिवार-रविवार माणसांनी ठरवले, समुद्राला त्याचं काही देणंघेणं नाही. त्यामुळे आमच्या प्रशिक्षणाची तारीख काढणं हे मुहूर्त काढण्याइतकंच किचकट काम होऊन बसतं. टाइड टेबल आता सगळ्यांच्या मोबाइलवर असतं, तरी मी आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब मुंबईला बऱ्यापैकी लागू पडतो. द्वितीया असेल तर दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती आणि सहा तास अलीकडे किंवा पलीकडे, साडेसातच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी.

हे ऐकल्यावर नवी बॅच दर वेळी विचारते, मग अष्टमीलाच का नको? नाश्ता करून निवांत बारा वाजता जाऊ. पण अष्टमीचे दिवस भांगाचे. तेव्हा पाणी चढतही नाही फार आणि उतरतही नाही, नुसतं खडकांत घुटमळतं. पाणी खरं मागे हटतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, उधाणाच्या दिवसांत, आणि तेव्हा मुंबईत ओहोटी येते ती पहाटे-सकाळी नाहीतर संध्याकाळी. म्हणजे सोयीच्या वेळेची ओहोटी कुचकामी आणि कामाची ओहोटी गैरसोयीची. महिन्यातून जेमतेम दोन रविवार जमतात, त्यातला एखादा सणात किंवा लग्नात जातो. पहिली चाळणी ही अशी आपोआप लागते. पहिल्या लोकलनं यायला जे तयार होतात, तेवढेच उरतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर लोकांना घेऊन जाणारे स्वयंसेवक तयार करायचं काम मी आणि माझे काही सोबती सुट्टीच्या दिवशी करतो. शनिवारी वर्ग आणि वाळूचा किनारा, रविवारी खडक, असा साधारण बेत असतो. या शहरात समुद्र बघायला येणारे लाखो आणि समुद्रात काय आहे ते बघणारे मूठभर, असं बरीच वर्षं होतं. २०१७ साली ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम सुरू झाला आणि मरीन ड्राइव्हच्या, हाजी अलीच्या, जुहूच्या पाण्यातले जीव लोकांना पहिल्यांदा फोटोंतून दिसले. गटाराच्या वासाच्या या पाण्यात ऑक्टोपस राहतो, हे बऱ्याच मुंबईकरांना अजूनही थापच वाटते. आमच्याकडे येणारे बहुतेक जण ती थाप खरी आहे का, हे तपासायलाच आलेले असतात.

निवृत्त बँकवाले, आयटीतले, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली, फोटोग्राफर, आणि एखाद्या वेळी मुलाला घेऊन आलेली आई, जी मुलापेक्षा जास्त रमते. सगळ्यांकडे वह्या असतात. सगळ्यांना नावं हवी असतात. शनिवारच्या वर्गात मी फळ्यावर पहिली गोष्ट लिहिते ती नाव नसतेच, तो किनाऱ्याचा उभा छेद असतो. वर, जिथे फक्त लाटेचे तुषार पोचतात, तिथे बारीक गोगलगायी. त्याखाली बार्नॅकलांचा खरबरीत पट्टा, मग कालवं, आणि अगदी खाली, जे वर्षातले थोडेच तास उघडं पडतं तिथे, स्पंज, समुद्रफुलं, प्रवाळ. वरच्यांना उन्हात वाळण्याचा प्रश्न, खालच्यांना जागेसाठी भांडणाचा. दोन मजल्यांमधलं उभं अंतर कधी माणसाच्या उंचीइतकंही नसतं. हा छेद डोक्यात बसला की निम्मी नावं आपण कुठल्या पट्ट्यात उभे आहोत त्यावरूनच सुचतात.

बार्नॅकलपाशी कोणीतरी कंटाळतंच. हा काय जीव, नुसता खडकाला चिकटलेला सिमेंटचा ठिपका! मग मी सांगते की डार्विननं या ठिपक्यांवर आठ वर्षं घालवली, १८४६ ते १८५४, आणि ‘ओरिजिन’ त्यानंतर लिहिलं. शिवाय हा शिंपल्यांचा नाही, खेकडा-कोळंबीचा नातेवाईक. डोकं खडकाला चिकटवून घेतो आणि पायांनी अन्न ओढतो. एवढं सांगितल्यावरही कंटाळणारे असतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, ते पक्षी बघायला जातात आणि तिथे चांगलं काम करतात.

सुरक्षेचा तास मात्र कोणाला चुकवू देत नाही. कोन शंख देखणा असतो आणि हातात घ्यावासा वाटतो. त्याच्या सोंडेत विषारी भाला असतो, म्हणून शंकू आकाराचा कुठलाही शंख उचलायचा नाही, रिकामा दिसला तरी नाही. पावसाळ्यात वाऱ्यानं किनाऱ्याला लागणारा निळा फुगा, पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर, वाळूवर मरून पडला तरी त्याचे तंतू डंख करतात. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार, म्हणून बंद पट्ट्यांचे फ्लोटर्स हवेत. चपला नकोत आणि ‘मी गावचा आहे, अनवाणी चालतो’ हेही नको. हे सगळं भराभर उरकतं. लोक लक्ष देऊन लिहून घेतात, कारण यात स्वतःचा जीव असतो. दुसऱ्याच्या जिवाचा विषय निघाला की वह्या जरा मंदावतात.

संध्याकाळी जुहूच्या वाळूवर जातो. वाळू सोपी. बारीक खेकड्यांनी वाळूतलं खाणं चाटून टाकलेल्या गोळ्या, बिळाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. शिंपल्यावर ड्रिलनं पाडावं तसं गोल, आतल्या बाजूला निमुळतं होत गेलेलं भोक. ते चंद्रगोगलगायीचं काम. शिंपल्याला भोक पाडून ती आतलं मांस खाते. लहानपणी आपण ज्या भोकाच्या शिंपल्यांच्या माळा केल्या, तो प्रत्येक शिंपला एका खुनाचा पुरावा होता हे कळल्यावर वर्ग एकदम जागा होतो. वाळूवर कुठेही पाय ठेवला तरी फारसं बिघडत नाही, निदान दिसत तरी नाही. म्हणून वाळू आधी.

रविवारी पहाटे कार्टर रोड. इथलं काम नावांचं नाही, पायाचं आहे, हे मी आदल्या दिवशी सांगितलेलं असतं आणि कोणाला पटलेलं नसतं. पायऱ्या उतरून खडकावर आलं की मी सगळ्यांना थांबवते आणि विचारते, तुम्ही कशावर उभे आहात? खडकावर, असं उत्तर येतं. वाका आणि बघा. ज्याला खडक म्हणताय त्यावर चिखलट, मऊ, करड्या गोळ्यांची सलग चादर आहे. हे झोएन्थिड, समुद्रफुलांचे आणि प्रवाळांचे भाऊबंद. पाणी उतरलं की प्रत्येक जण तोंड मिटून, अंगाला वाळू लावून बसतो आणि थेट चिखल दिसतो. पाण्याखाली हीच चादर फुलते. मुंबईच्या खडकांवर ती इतकी आहे की तिच्यावर पाय न देता चालायला शिकणं हाच अर्ध्या दिवसाचा अभ्यासक्रम होतो. कोणी हात लावलाच तर तोच हात डोळ्याला लावू नका, हेही सांगावं लागतं, कारण काही जातींत जबरदस्त विष असतं.

मग चालायचं कसं? उघड्या, कोरड्या काळ्या दगडावर, नाहीतर वाळूच्या पन्हाळीतून. हिरव्या शेवाळावर नाही, तिथे माणूसही घसरतो. पुढच्यानं जिथे पाय ठेवला तिथेच मागच्यानं ठेवायचा, म्हणजे वीस जणांची एकच वाट होते. लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात ‘अय्या, खेकडा!’ असं एकानं म्हटलं की सगळे सहा दिशांनी धावतात. प्रशिक्षणार्थी स्वतः पहिल्या दिवशी हेच करतात, आणि ते मी मुद्दाम करू देते. मग त्यांना मागे वळून आपल्या वाटेकडे बघायला सांगते. दाबल्या गेलेल्या गोळ्यांतून पाणी निथळत असतं. त्यानंतर फार भाषण करावं लागत नाही.

पुढची वीस मिनिटं प्रत्येकानं एका डबक्यापाशी बसायचं, फोन खिशात. नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही. पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग आपली सावली स्थिर झाली की एक शंख चालायला लागतो, आणि तो शंखवाला नसून आत बसलेला संन्यासी खेकडा असतो. दगड म्हणून जे बघत होतो त्याला डोळे फुटतात आणि तो मासा निघतो. एका बॅचमधले एक काका, आयुष्यभर हिशेब तपासलेले, वीस मिनिटांनी उठायलाच तयार नव्हते. डबक्यात दोन खेकड्यांचं एका शंखावरून भांडण चाललं होतं आणि त्यांना निकाल हवा होता. असा माणूस आला की पुढच्या हंगामाचा एक लीडर मिळाला, असं मी मनात टिपून ठेवते. भरपूर नावं पाठ असलेल्याबद्दल मला तशी खात्री कधी वाटत नाही.

दगड उलटायचा की नाही, यावर आम्हा शिकवणाऱ्यांतच एकमत नाही. दगडाखाली खरा खजिना असतो: चपटे कृमी, ठिसूळतारे, पोर्सलीन खेकडे, कोणाची तरी अंडी. पण खालच्या बाजूच्यांना ऊन सोसत नाही आणि वरच्या बाजूच्या शेवाळाला अंधार. दगड पालथाच राहिला तर दोन्ही मजले मरतात. माझ्या सोबत्यांचं म्हणणं, हळूच उचलावा, दाखवावा, जसा होता तसा ठेवावा. दाखवलंच नाही तर लोकांना गोडी कशी लागणार? मुद्दा खरा आहे. तरी सार्वजनिक फेरीत दगडाला हात लावायचा नाही, असं मी माझ्या बॅचला सांगते. लीडरनं एक दगड काळजीपूर्वक उचलला की घरी जाऊन दहा मुलं दहा दगड उचलतात, आणि ती काळजी त्यांच्याबरोबर गेलेली नसते. लोक तोंडाचं ऐकत नाहीत, हाताचं बघतात; हे मला शाळेनं शिकवलं.

आम्ही खडकावर उतरतो तेव्हा तिथे बहुतेक वेळा आमच्या आधी कोणीतरी आलेलं असतं. उकिडवी बसून टोकदार लोखंडानं कालवं फोडणारी एक कोळी मावशी आता ओळखीची झाली आहे. नव्या स्वयंसेवकांची तिच्याशी पहिली भेट दर वेळी अवघडलेली असते. काल वर्गात त्यांनी ‘काही तोडायचं नाही, काही न्यायचं नाही’ असं लिहून घेतलेलं, आणि इथे समोर बाई टक टक फोडते आहे. एका मुलीनं मला कानात विचारलंही, आपण त्यांना सांगायचं का? मी म्हटलं, जा, सांग. ती गेली, जवळ बसली आणि काही बोलू शकली नाही. मावशीच बोलली.

“तुमची ही माणसं एवढ्या पहाटे येतात ती नेतात काय?”

“काही नाही नेत, मावशी.”

“मग कशाला येतात?”

“बघायला.”

मावशीनं हातातलं कालव डब्यात टाकलं आणि आमच्या वीस जणांच्या फ्लोटर्सकडे एक नजर टाकली. बोलली काही नाही. त्या नजरेचं उत्तर मी अजून शोधते आहे. ती एकटी येते, ठरावीक जागी बसते, मोठी कालवं काढते आणि बारीक सोडते, कारण तिला पुढच्या महिन्यात परत यायचं असतं. आम्ही काही नेत नाही, पण आमचे चाळीस पाय असतात. तिला देवी करण्याचा माझा इरादा नाही. डब्यावरची प्लॅस्टिकची पिशवी तिनं माझ्यासमोर पाण्यात सोडून दिली आहे आणि मी ती उचलल्यावर हसलीही आहे. पण किनाऱ्याचं नुकसान कोण करतं, या प्रश्नाचं उत्तर ‘गरीब बाई’ असं देणारा स्वयंसेवक मी पास करत नाही. त्याच्या पाठीमागे, शंभर पावलांवर, नाल्याचं तोंड उघडं असतं. तिथून काय येतं ते कोणी मोजायला बसलं तर कालवांचा डबा त्यात दिसणारही नाही.

याच मावशीनं आमच्या अभ्यासक्रमात एका धड्याची भर घातली. पाणी समोरून येत नाही, मागून येतं, असं ती म्हणाली. मला आधी कळलं नाही. मग दाखवलं. खडकांचा पट्टा बाहेरच्या बाजूला उंच आहे आणि काठाकडच्या पन्हाळी खोल. भरती वळली की पाणी आधी या पन्हाळींतून आत शिरतं. समोर लाटा अजून लांब असतात, माणूस ऑक्टोपसच्या फोटोत दंग, आणि पाठीमागची वाट बुडालेली. टाइड टेबलात ओहोटीची वेळ मिनिटासकट असते, हे मात्र नसतं. तेव्हापासून नियम केला: ओहोटीची वेळ झाली की त्याच क्षणी सगळे काठाकडे वळणार, पुढे कितीही सुंदर काही असलं तरी. उरलेलं बघणं परतीच्या वाटेवर.

दुपारी पुन्हा वर्गात बसून फोटो आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर चढवतो. इथे वेगळी शिस्त लागते. फोटो टाकला की ॲप लगेच एक नाव सुचवतं, आणि सुचवलेलं नाव स्वीकारण्याचा मोह दगड उलटण्याच्या मोहाइतकाच दांडगा असतो. स्पंजाची जात नुसत्या फोटोवरून सहसा सांगताच येत नाही, त्याच्या अंगातल्या सूक्ष्म काड्या सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात. तेव्हा ‘स्पंज’ एवढंच लिहून थांबायचं. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे जड जातं, परीक्षेत अर्धवट उत्तराला गुण नसतात ना. बँकवाल्यांना सहज जमतं; पुरावा नसेल तर नोंद नाही, ही त्यांची जन्माची सवय.

शेवटची चाचणी म्हणजे खऱ्या लोकांना घेऊन फेरी काढणं. मुंबईकरांचे पहिले तीन प्रश्न ठरलेले: हे जिवंत आहे का, हे चावतं का, हे खातात का? तिसऱ्याला नवे स्वयंसेवक नाक मुरडतात. मला तो सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो. ज्या शहरात तिसऱ्या, कालवं आणि माकूल घराघरांत शिजतं, तिथे समुद्राशी ओळख ताटातूनच झालेली असते. तिसऱ्यांपासून सुरुवात करून चंद्रगोगलगायीपर्यंत नेता येतं, ऑक्टोपस माकुलाचा चुलतभाऊ म्हणून सांगता येतो. नाक मुरडलं की समोरची बाई गप्प होते आणि पुन्हा काही विचारत नाही.

खरा तिढा फेरी संपल्यावर सुरू होतो. ऑक्टोपसचा फोटो चांगला आला तर तो कुठे सापडला हे जगाला सांगायचं का? न सांगितलं तर नोंदीला किंमत नाही. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत हे नोंदलेलं होतं, म्हणून कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी त्यांची दखल घ्यावी लागली आणि वसाहती उचलून दुसरीकडे हलवल्या गेल्या. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. पण कागदावर नसलेल्या प्रवाळाला कायदा कसा वाचवणार? आणि सांगितलं, तर पुढच्या उधाणाला त्याच डबक्याभोवती गर्दी, हातात काड्या, काठावर वेफर्सची पाकिटं. आमच्यातले काही जण ठिकाण धूसर ठेवतात, काही आठवडाभर थांबून मग टाकतात. मी नोंद करा म्हणते, पण इन्स्टाग्रामवर टाकू नका. हे मी सांगते खरं, पण पन्नाशीच्या बाईचं इन्स्टाग्रामबद्दलचं मत कोण मनावर घेणार! दोन मुलींनी मला स्पष्ट सांगितलं, ताई, आम्ही इथे इन्स्टा बघूनच आलो.

त्यांचं खोटं नाही. आणि कोणी बघतच नसलेल्या किनाऱ्याचं काय होतं, तेही या शहरानं भरपूर दाखवलं आहे. समुद्र बुजवूनच इथली सात बेटं एक झाली. भराव टाकताना खाली काय राहतं, असं तेव्हा कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. आता विचारणारे थोडे आहेत, आणि त्यांच्या पायांचा प्रश्न आहे. मला दुसरा प्रश्न बरा वाटतो, त्याच्यावर काम करता येतं. आम्ही फेऱ्यांची संख्या कमी केली, एकाच खडकावर लागोपाठच्या उधाणांना जायचं नाही असं ठरवलं, आणि प्रत्येक लीडरमागे माणसं मोजकी ठेवली. प्रतीक्षायादी लांबते, लोक चिडतात, चिडू देत.

जूनपासून फेऱ्या बंद असतात. लाटा आणि शेवाळ दोन्ही वाढतात, कोळ्यांच्या यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही ३१ जुलैपर्यंत बंदी असते. पाऊस सरता सरता निम्मे स्वयंसेवक गळतात. नोकरी बदलते, परीक्षा येतात, कोणाला पहाट जमेनाशी होते. उरतात त्यांच्यात ते हिशेबवाले काका असतात आणि मावशीला सांगायला गेलेली ती मुलगीही.

गेल्या हंगामात त्या मुलीनं तिची पहिली फेरी घेतली. मी मागे, शेपटाला चालत होते, सूचना न देण्याची शपथ घेऊन. ओहोटीची वेळ झाली तशी तिनं हात वर केला आणि वळा म्हणाली. एक दांडगा लेन्सवाला गृहस्थ पुढच्या खडकावर बसून होता. पाणी तर अजून लांब आहे, असं त्यानं न वळता सांगितलं. ती त्याच्याशी वाद घालायला गेली नाही. त्याच्या मागच्या पन्हाळीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काका, समोर नका बघू, इकडे बघा.” पन्हाळीतलं पाणी तिच्या घोट्याला लागलं होतं. तो उठला. पुटपुटत का होईना, तिनं ठेवलेल्या पावलांवर पाय ठेवत आला. पायऱ्यांवर तिनं माणसं मोजली तर एक कमी भरला. आमचे चेहरे पांढरे पडले, आणि तेवढ्यात तो न सापडणारा माणूस वर रस्त्यावरून हाक मारत आला. सगळ्यांच्या आधी वळून तो वडापाव खायला गेला होता आणि सगळ्यांसाठी घेऊनही आला होता. तिनं त्याला आधी चांगलं झापलं, मग वडापाव घेतला.